राखणदाराच्या हातात काय असावं?

मागच्या महिन्यात मी रेडिओवर सिक्युरिटी गार्डच्या नोकरीबद्दल बोलले, तेव्हा तीन-चार गावांतून एकच विचारणा आली: "ताई, अंगावर काय घालायचं आणि हातात काय घ्यायचं, ते सांगा ना." आमच्या प्रभाग संघातल्या अकरा जणी सध्या हे काम करतात. कुणी सरकारी दवाखान्यात आहे, कुणी कारखान्याच्या गेटवर, एक मुलींच्या वसतिगृहात. बंदूक कुणाकडेच नाही, आणि नको आहे. पण मग बिनहत्यारी राखणदाराकडे असावं तरी काय? हा प्रश्न फार जुना आहे. आजवर त्याचं उत्तर मालकाने दिलं, पाटलाने दिलं, साहेबाने दिलं. रात्र ज्याने जागून काढली त्याला कुणी विचारलं नाही. म्हणून आज थोडं मागे जाऊन सुरुवात करते.

राखण आपल्या बायकांना नवी नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, हाळी द्यायची, हे काम घरातल्या बायका-पोरींचंच. आता तुम्हीच सांगा, गोफणीचा दगड पाखराला कितीदा लागतो? थवा उठतो तो आवाजाने. राखण म्हणजे मारणं नव्हे, "मी इथे आहे, जागी आहे" हे कळवणं. हे ध्यानात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

गावाची राखण मात्र पुरुषांकडे होती, आणि तीही ठरलेल्या जातींकडे. वेशीवर येसकर असायचा, तो महार. खानदेशात जागल्या, तो बहुतेक भिल्ल. आपल्या पुणे-सातारा भागात रामोशी. अंगावर घोंगडी, हातात काठी, अंधार फार असला तर टेंभा. एवढ्या सामानावर अख्खं गाव निजायचं. आणि जबाबदारी किती, ते ऐका. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या राखणदाराच्या गळ्यात. माग आपल्याच हद्दीत संपला तर चोर हजर करा, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई करा. म्हणजे राखणदाराचं खरं हत्यार होते त्याचे डोळे आणि त्याची जमिनीची ओळख. ते कुणी दिलं नव्हतं आणि कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

काठीचं तसं नव्हतं. येसकराच्या काठीला घुंगरं असत. महारवाड्यात ज्या घराची पाळी असेल त्या घरी ती काठी जायची, आणि काठी दारात आली की त्या घराने राबायचं. गावकीची कामं, सरकारी कामं, निरोप, सारा वसूल होईल तिथे हजेरी, रात्रीची वेस. घरचा पुरुष आजारी असेल तर घरातलं दुसरं माणूस. वेळ ठरलेली नाही, पगार नाही. बदल्यात इनाम जमिनीचा तुकडा, बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकरी. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी हे सगळं कागदावर पक्कं केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की हे वतन नाही, ही वेठ आहे. कामाचे तास ठरत नाहीत, मोबदला ठरत नाही, आणि एकाच्या कामाला सगळं घर बांधलं जातं. ती वतनं मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने रद्द केली. तीस वर्षं गेली मध्ये.

मी हे एवढं का सांगते? घुंगराची काठी राखणदाराच्या हातात होती, पण ती त्याच्या कामासाठी नव्हती. तो कोण आहे आणि कुणाचा हुकूम पाळतो, हे दाखवण्यासाठी होती. आजही गार्डला काही वस्तू कामासाठी दिल्या जातात आणि काही फक्त दाखवण्यासाठी. कोणती वस्तू कुठल्या खात्यातली, हे ओळखता आलं की निम्मी निवड झाली.

रामोशांची गोष्ट याहून कडू आहे. पुरंदर किल्ल्याची राखण त्यांच्याकडे होती. त्याच घराण्यांतल्या उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे रामोशी समाजावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. गंमत बघा, त्याच काळात पुण्याच्या कॅम्पातले गोरे साहेब आपल्या बंगल्यावर रामोशीच राखणदार ठेवत. ठेवला नाही तर चोरी होणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकाच माणसाला बंगल्यावर राखणीला ठेवायचं आणि त्याच्या भावकीवर पोलिसांनी नजर ठेवायची. आज रामोशी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

मुंबईतही सुरुवात सोट्यानेच झाली. १६६९ मध्ये जेराल्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याने रात्रीच्या पहाऱ्यासाठी भंडारी लोकांचं पथक उभं केलं. पुढे १८५७ च्या उठावानंतर सरकारला लोकांच्या हातातल्या हत्यारांची भीती वाटू लागली. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी आली. तेव्हापासून आपल्याकडचा साधा राखणदार म्हणजे काठीवाला, हे चित्र पक्कं झालं.

आता शिट्टीकडे येते, कारण माझ्या मते गार्डच्या सामानात पहिला मान तिचा आहे. लंडनमध्ये १८२९ साली नवं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा शिपायाकडे एक लाकडी दांडका आणि एक खुळखुळा असायचा. लहान मुलाचा नव्हे; मूठ धरून गरागरा फिरवला की कर्रकर्र वाजणारा लाकडी खुळखुळा. तिकडचे शेतकरी पाखरं उठवायलाही तसाच वापरत. म्हणजे आपल्या डब्याचाच भाऊ. पण तो जड, खिशात मावत नाही, आणि फिरवायला एक हात अडकतो. पन्नासहून जास्त वर्षं पोलिसांनी तो बाळगला. मग १८८० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन नावाच्या कारागिराने केलेली शिट्टी आली आणि खुळखुळा गेला. खिशात बसणारी, दोन्ही हात मोकळे ठेवणारी, लांबवर ऐकू जाणारी. माणूस एकटा असला तरी त्याचा आवाज एकटा राहिला नाही.

शिट्टी निवडताना एक बारकावा आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिट्ट्यांत एक छोटी गोळी असते. पावसात भिजली, धूळ गेली, किंवा घाबरून फार जोरात फुंकली की ती गोळी अडकते आणि नेमक्या वेळी शिट्टी मुकी होते. कॅनडातले बास्केटबॉलचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांना भर सामन्यात हाच अनुभव आला. त्यांनी खटपट करून बिनगोळीची शिट्टी तयार करून घेतली, ती १९८७ मध्ये बाजारात आली. आज तशा प्लास्टिकच्या बिनगोळीच्या शिट्ट्या खेळाच्या दुकानात मिळतात. आपल्या बायकांनी तीच मागावी. दोरी गळ्यात घालू नये. झटापटीत समोरच्याच्या हाती फास लागतो. शर्टाच्या बटणाला किंवा खांद्याच्या पट्टीला अडकवावी. आणि आठवड्यातून एकदा वाजवून बघावी. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी लोक वैतागलेत, पण ती वाजवते.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधून रात्री गुरखा फिरायचा, तो तुमच्यापैकी पुण्या-मुंबईत राहिलेल्यांना आठवत असेल. विजेच्या खांबावर काठीचा ठणका, मागोमाग शिट्टी. १९५० साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला, त्याने एकमेकांच्या देशात राहायला आणि काम करायला मोकळीक राहिली. त्यामुळे नेपाळी माणसं आपल्या शहरांत सहज राखणीला येऊ शकली. लोक हसत, "हा तर चोराला आधीच सांगतो मी आलो म्हणून." पण तेच तर काम आहे! चोराला पकडण्यापेक्षा त्याला यायचंच धाडस होऊ नये, हे बरं. माळ्यावरच्या डब्याचं तत्त्व तेच.

मग बॅटरी. आपण टॉर्चला बॅटरीच म्हणतो. १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल या कारागिराला अमेरिकेत हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल इतके कमजोर होते की दिवा सतत लावता येत नसे, क्षणभर चमकवून बंद करावा लागे. आता चार्जिंगच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्यात, पण गार्डने फक्त चार्जिंगच्या बॅटरीवर विसंबू नये. ज्या रात्री लाइट जाते त्याच रात्री ती लागते, आणि त्याच दिवशी ती चार्ज झालेली नसते. सेलवर चालणारी एक छोटी जवळ असावी. पेलवेल अशी, कमरेला अडकणारी.

गणवेशाच्या रंगामागेही इतिहास आहे. खाकी म्हणजे मातीच्या रंगाचा. हा फारसी शब्द. हॅरी लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने १८४६-४७ च्या सुमारास वायव्य सरहद्दीवर आपल्या पलटणीला हा रंग दिला, कारण लाल डगला लांबून दिसतो. पुढे खाकी फौजेची आणि पोलिसांची झाली, आणि आपल्या मनात खाकी म्हणजे सरकार असं बसलं. म्हणून एजन्सीवाल्यांना गार्डला पोलिसासारखं दाखवायची हौस असते. पण खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, त्यात हे स्पष्ट आहे: फौजेचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख खासगी गार्डने घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा कुणी खाकी शिवून दिली तर घालू नका.

त्याआधी आपल्या महाराष्ट्रात १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा झाला होता. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये मंडळं आली, त्याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांची मंडळं निघाली. राखणदारालाही नोंदणी असते, पगाराचा हिशेब असतो, हे त्यातून मान्य झालं. घुंगराच्या काठीपासून इथवर यायला किती वेळ लागला ते तुम्ही मोजा.

२००५ च्या कायद्याखाली केंद्राने २००६ मध्ये नमुना नियम केले. ते मी आमच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा बायका चकित झाल्या, इतकं बारीक लिहिलंय. दंडावर एजन्सीची खूण. छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचा बिल्ला. दोरी लावलेली शिट्टी, आणि ती डाव्या खिशात. नाडीचे बूट. डोक्यावर टोपी. वही आणि पेन. फोटोचं ओळखपत्र, सगळ्यात वरच्या कपड्यावर, कमरेच्या वर, समोरून दिसेल असं. आणि कपडे फार घट्ट नकोत, फार सैल नकोत, वाकता-वळताना अडता कामा नये. या यादीत काठी नाही, हे बघा.

आता आपल्या बायकांना काय मिळालं ते सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका एजन्सीने पाच जणींना पुरुषांच्या मापाचे शर्ट दिले. खांदे दंडावर लोंबत होते. वसतिगृहातल्या ताईला मिळालेला शर्ट बायकांचा होता, पण त्याला खिसाच नव्हता. शिट्टी डाव्या खिशात ठेवायचा नियम, आणि खिसाच नाही! बूट सगळ्यांना सात नंबरचे. आपल्या बायकांचा पाय चारचा, फार तर पाचचा. पुढे कापूस कोंबून बूट घालायचे. एकीचा दवाखान्याच्या उतारावर रात्री पाय मुरगळला, तीन आठवडे घरी. या सगळ्याचे पैसे पगारातून कापले होते, "युनिफॉर्म" एवढाच शब्द लिहून. पगारातून काय कापता येतं हे १९३६ पासून कायद्याने ठरवलेलं आहे, मालकाच्या मर्जीवर नाही. कपातीची पावती मागा आणि ती संघात आणा.

बूट घेताना माझा आग्रह असा. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. तळ रबरी आणि खाचांचा हवा. दवाखान्याची फरशी रात्री पुसतात, तिथे गुळगुळीत तळ घसरतो. बुटांवर शंभर-दोनशे जास्त गेले तरी जाऊ द्या, टोपीत वाचवा.

आणि खुर्ची. खुर्ची सामानात येते का, असं एका ठेकेदाराने मला हसून विचारलं. येते. उभं राहून काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यात घातला. तिथे त्यासाठी कपड्यांच्या दुकानांतल्या बायकाच पुढे आल्या होत्या. बारा तास उभ्या राहिलेल्या बाईला पहाटे चारला काय दिसणार?

काठीबद्दल आमच्यात भांडण झालं. मी म्हणत होते नको. कायद्याने गार्डला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त अधिकार नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, आणि गरजेपुरतंच, बळ वापरता येतं. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला धरता येतं, पण लगेच, नव्या कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. काठीचा फटका डोक्यात बसला तर केस गार्डवर होते, आणि एजन्सी त्या दिवशी ओळखसुद्धा दाखवत नाही. शिवाय हातातली काठी हिसकावता येते. पण कारखान्याच्या गेटवरच्या दोघी म्हणाल्या, "ताई, तुम्ही रात्री दोनला कंपाउंडला चक्कर मारा मग बोला. माणसाचं नाही, कुत्र्यांचं आणि जनावरांचं भय आहे." गवतात काठी आपटत चालली की साप बाजूला होतो, हे खरंच आहे. मग ठरलं: मोकळ्या आवारात हलकी बांबूची, छातीइतकी काठी. दवाखान्यात आणि वसतिगृहात काठी नाही. दवाखान्यात मेलेल्या माणसाचे नातेवाईक रडत-ओरडत आलेले असतात. त्यांच्यासमोर काठी दिसली की भांडण तिथूनच पेटतं.

बाईची झडती बाईनेच घ्यायची, अब्रू राखून, असं कायदा पोलिसांनाही सांगतो. त्यामुळेच दवाखाने, परीक्षा केंद्रं, मॉल इथे महिला गार्डची मागणी वाढली आहे. म्हणजे आपण तिथे कुणाच्या उपकाराने नाही. झडतीचं काम असेल तर हातातलं मेटल डिटेक्टर आणि एक पडदा किंवा खोली मागून घ्या. उघड्यावर झडती घेऊ नका.

आमच्या संघात शिवणकाम करणाऱ्या सात जणी आहेत. त्यांनी नियमाचा कागद समोर ठेवून एक शर्ट बेतला. डावीकडे झाकणाचा खिसा शिट्टीला, उजवीकडे वहीला, बगलेत थोडी ढील म्हणजे हात वर करता येतो. पँटला दोन्ही बाजूंना खोल खिसे. ठेकेदाराला दाखवलाय. येत्या मंगळवारी त्याच्याबरोबर बैठक आहे. मापं त्याने आमच्याकडून घ्यावीत आणि कपात थांबवावी, हे दोन मुद्दे आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी अकरा वाजता संघाच्या कार्यालयात यावं.

एक राहिलं, वही. जुन्या गावगाड्यात राखणदार जागायचा आणि लिहायचा कुलकर्णी. रात्री काय घडलं ते राखणदार सांगायचा, पण कागदावर काय उतरलं ते त्याला वाचता येत नसे. आमच्या दवाखान्यातल्या ताई सातवी शिकल्यात. मागच्या पावसाळ्यात औषधांच्या खोलीतून माल गेला, आणि रात्रपाळीची बाई म्हणून पहिलं बोट त्यांच्याकडे गेलं. त्यांनी वही काढली. दोन वाजून दहा मिनिटांनी कोण आत गेलं, गाडी कुठली, खोलीची किल्ली कुणी मागितली, बाहेर पडताना सही करायला कोण नाही म्हणालं, सगळं पेनाने लिहिलेलं. अक्षर वाकडं आहे, वेळा मात्र बरोबर. वही साहेबांनी ठेवून घ्यायला मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "झेरॉक्स काढा, वही माझी आहे."